झबल्याची उघडी बाजू

आमच्या घरात शिवणाचं मशीन आलं ते केळीच्या टेम्पोतून. सासरचं गाव रावेरजवळचं, आणि ह्यांची नोकरी धुळ्याला, म्हणून आम्ही दोघं तिथल्या देवपुरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. धुळ्याच्या मार्केटला माल घेऊन निघालेल्या टेम्पोत सासूबाईंनी आपलं जुनं पायमशीन घडांच्या मागे उभं करून पाठवलं. भोवती केळीची वाळलेली पानं बांधली होती आणि डोक्यावर सासऱ्यांचं जुनं धोतर गुंडाळलं होतं. ह्यांनी आणि ड्रायव्हरनं ते खिडकीशी आणून ठेवलं, पानं सोडली, धोतर काढलं. आत सुई तशीच लावलेली होती. एवढ्या खडखडाटातून ती न मोडता कशी आली याचं ह्यांना कौतुक वाटलं. मला मात्र ती पाहूनच बोटं मुठीत घ्यावीशी वाटली.

मशीन मी मागितलं नव्हतं. काही महिन्यांपूर्वी माझं पोटातलं बाळ गेलं होतं, चौथ्या महिन्यात. त्यानंतर मी दिवसचे दिवस खिडकीत बसून राहायचे. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं भान नसायचं, वरण करपायचं. ह्यांनी गावी फोनवर काय सांगितलं कोण जाणे, सासूबाईंनी उपाय म्हणून मशीन धाडलं. "शिवनं शिक," एवढंच त्या फोनवर म्हणाल्या. "हात कामात ऱ्हायले म्हंजे डोकं जागेवर ऱ्हायते."

सासूबाई कमी बोलणाऱ्या. त्यांच्या मनात काय आहे हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही कळायचं नाही, आणि जे कळत नाही त्याची मला भीती वाटते. माझा स्वभावच तसा भित्रा. तोंडानं मी खूप तडतड करते, ह्यांना विचारा, पण आतून पाल चुकचुकली तरी दचकणारी.

गल्लीतच एका बाईंचा शिवणक्लास होता. सगळ्या त्यांना ताई म्हणायच्या. पुढच्या व्हरांड्यात ओळीनं मशीनं, भिंतीवर खडूनं काढलेल्या आकृत्या, आणि ताईंचं तोंड सकाळपासून सुरू. आमच्याशी त्या शहरी मराठीत सुरुवात करायच्या, पण रागावल्या की अहिराणी यायची. आणि त्या सारख्या रागवायच्या. पहिल्या दिवशी दोरा न ओवता रद्दी पेपरवर टीप मारायला दिली. पायाखालचा पायटा दाबला तर चाक उलटं फिरलं. पुन्हा दाबला तर मशीन एकदम असं पळालं की पेपर ओढला गेला आणि माझी बोटं सुईच्या अगदी पुढ्यात जाऊन थांबली.

"सुई काय तुनी मावशी शे का व, इतली जवळ जास!" ताई ओरडल्या. सगळ्या हसल्या. मीही हसले, पण पाय पायट्यावरून काढून घेतले ते पुष्कळ वेळ परत ठेवले नाहीत.

मला सगळ्यात भीती वाटायची ती याची, की मशीन पायानं चालतं आणि पायाला दिसत नाही. हात पुढे काय करतोय हे पायाला माहीतच नाही. पाय आपला दाबत राहणार. मी हे ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "गाडी चालवतेस ना? तसंच." मी म्हटलं, गाडीच्या चाकाखाली मी माझी बोटं धरत नाही.

आणि मग एके दिवशी जे होऊ नये ते माझ्या शेजारीच झालं. शेजारच्या मशीनवर बसणारी एक कॉलेजातली पोरगी बोलता बोलता मागे वळली, आणि सुई तिच्या नखातून आरपार गेली. ती ओरडलीसुद्धा नाही. नुसती बघत राहिली, आपलं बोट मशीनला कसं चिकटलं म्हणून. ताई आल्या, तिचा खांदा घट्ट धरला, दुसऱ्या हातानं चाक हळूच फिरवून सुई वर घेतली. मग रक्त आलं. ताईंनी हळद दाबली, पदराचा काठ फाडून गुंडाळला, आणि तिला घेऊन दवाखान्यात गेल्या.

मी मोरीकडे धावले आणि सकाळचा चहा तिथे ओकून टाकला. सगळ्यांना वाटलं, रक्त पाहून. मलाही तसंच वाटलं. पण दुसऱ्या दिवशी रक्त नव्हतं, मशीन नव्हतं, नुसती फोडणी होती, आणि तरी तेच झालं. तेव्हा गॅस बंद करून मी ओट्याला धरून उभी राहिले. मनात दिवस मोजले. पुन्हा मोजले.

मला दिवस गेले होते. आनंद झाला का? खोटं कशाला बोलू. झाला असेल, पण तो भीतीच्या खाली कुठेतरी दबून होता, मला तो सापडला नाही. फक्त ह्यांना सांगितलं. तीन महिने होईपर्यंत कुणाला बोलायचं नाही, असं आम्ही ठरवलं. जळगावला माझ्या आईलाही नाही आणि गावी सासूबाईंनाही नाही. मागच्या वेळी आम्ही बोभाटा केला होता. मी तर मोबाईलवरून पिवळे मोजे, टोपडं, झबली असा अख्खा संच मागवून कपाटात मांडून ठेवला होता. रोज कपाट उघडून पाहायचे. मग ते सगळं झालं, आणि मी बिछान्यावर पडलेली असताना गावाहून भेटायला आलेल्या चुलतसासू कपाटाकडे बघत म्हणाल्या, "आधीच आनून ठेवलं होतं ना घरात? मंग?"

तो "मंग?" माझ्या कानात राहिला. मी बीएस्सी केलंय. मोज्यांनी कुणाचं बाळ जात नाही हे मला कळतं. पण आमच्याकडे बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी नवं काही शिवत नाहीत, आणून ठेवत नाहीत. आधीच शिवून ठेवलं तर नजर लागते म्हणतात. सासरी तर पाचवीपर्यंत बाळाला शिवलेलं काही घालतच नाहीत, जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यात गुंडाळतात. मला हे माहीत होतं आणि मी हसण्यावारी नेलं होतं.

डॉक्टरांना मी भीत भीत विचारलं, शिवणाचं मशीन चालवलं तर चालेल का. त्या म्हणाल्या, चालेल, सगळी कामं करा, नुसतं ओझं उचलू नका. क्लास सोडला असता तर सगळ्यांनी का म्हणून विचारलं असतं, आणि सासूबाई रोज दुपारी फोन करून "आज काय शिवलं व?" विचारायच्या, त्यांना काय सांगणार? शिवाय घरी एकटीनं बसलं की मी नुसती पोटाकडे लक्ष देत बसायचे. म्हणून मी जात राहिले. सरळ टीप येऊ लागली. कोपरा वळवता येऊ लागला. आणि मग ताईंनी भिंतीवर खडूनं एक छोटी आकृती काढली आणि म्हणाल्या, "उद्यापासून झबलं. घरून मऊ जुनं कापड आणा."

मी धीर करून म्हटलं, "ताई, मी आधी परकर शिवते. झबलं मागून."

"जिले झबलं येत नही, तिले परकर काय येई?" ताई म्हणाल्या. "बठ्ठ्या बायास्नं पहिलं झबलंच ऱ्हास."

का नको, ते सांगता येत नव्हतं. सांगितलं तर बातमी फुटणार. न सांगता नाही म्हटलं तर ताई पिच्छा पुरवणार. घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "अगं, तू बीएस्सी ना?"

"बीएस्सी पोटात नसते," मी म्हटलं आणि रडले. त्या रात्रीच्या पोळ्या बिचाऱ्यांनी स्वतःच लाटल्या. कसल्याही आकाराच्या झाल्या होत्या.

शेवटी मी स्वतःची समजूत घातली. हे क्लासचं काम आहे. माझ्या बाळाचं नाही. बाळ हा शब्द मनात न आणता शिवायचं. मऊ जुनं कापड म्हणून मशीनवर गुंडाळून आलेलं सासऱ्यांचं धोतर होतं, त्यातला तुकडा कापून नेला.

पण हात कसे आपल्या मनासारखे वागतील? ते एवढंसं कापड मशीनवर ठेवलं आणि मला जमायला लागलं. आजवर जे मशीन माझ्याशी भांडत होतं ते गुमान चालू लागलं. पाय आणि हात एकमेकांना ओळखू लागले. बाह्यांची टीप सरळ आली. गळ्याला मी लाल पट्टी लावली, ती कुणी सांगितली नव्हती. दोन्ही कडा जोडताना मी सुईकडे बघतही नव्हते, कापडाकडे बघत होते, आणि मला कळायच्या आधी मनात येऊन गेलं की एवढा हात यातून जाईल, एवढी मान. तिथेच मी थिजले. पण टीप शेवटाशी आली होती. ताई मागे उभ्या होत्या. त्यांनी शिकवल्याप्रमाणे मी टीप जरा मागे नेऊन पक्की केली, आणि दोरा तोडला.

"आता कपडा व्हयना," ताई म्हणाल्या. आता झाला कपडा, हे त्या नेहमी म्हणायच्या. शेवटचा दोरा तोडेपर्यंत ती चिंधी, तोडला की कपडा. मग त्यांनी ते झबलं उचललं, व्हरांड्यात सगळ्यांना दाखवलं. "देख व, किती साजरं व्हयनं! हाई देखा, नही तं तुम्हना!"

आयुष्यात पहिल्यांदा ताईंनी माझं कौतुक केलं आणि मला पळून जावंसं वाटलं.

आता त्याचं करायचं काय? फेकून द्यायला हात होईना, झबलं कचऱ्यात टाकणं तर आणखीच वाईट. कुणाला देऊन टाकावं तर काय सांगून द्यायचं? कपाटात ठेवणं शक्य नव्हतं, त्या कपाटाचं नावच नको. पेपरात गुंडाळून मी ते मशीनच्या खणात, बॉबिनांच्या डब्यामागे सारलं. ह्यांनाही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला डाग दिसला.

तो दिवस मला नीटसा सांगता येत नाही. ह्यांनी रिक्षा आणली. रिक्षावाल्याला मी प्रत्येक खड्ड्याला हळू, हळू म्हणत होते. डॉक्टरांनी तपासलं, पडद्यावर पाहिलं आणि म्हणाल्या, "ठोके आहेत. आठवडाभर फक्त झोपून राहायचं, मग पुन्हा पाहू." ह्यांचा चेहरा उजळला. माझा नाही. ठोके मागच्या वेळीही होते.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. ह्यांनी गावी फोन केला आणि संध्याकाळपर्यंत सासूबाई हजर. एसटीनं, एका पिशवीत कपडे, दुसरीत केळी आणि भाकरीसाठी कळण्याचं पीठ. त्यांनी मला का सांगितलं नाही म्हणून विचारलं नाही, की डोक्यावरून हात फिरवला नाही. पायाखाली उशी ठेवली, पाणी दिलं आणि स्वयंपाकाला लागल्या. मला वाटलं, रागावल्या.

मी जिथे पडले होते त्याच खोलीत खिडकीशी मशीन होतं. डोळे उघडले की समोर मशीन, आणि मशीनच्या खणात ते. मला दुसरं काही सुचत नव्हतं. पेपरची गुंडाळी जणू आतून खण ढकलते आहे असं वाटायचं. ह्यांना सांगावं, काढून नेऊन पांझरा नदीत सोडा म्हणावं, तर तोंडातून शब्द निघायचा नाही. सांगितलं तर खरं होईल असं काहीतरी वाटत होतं.

दोन-तीन दिवसांनी दुपारी सासूबाई कामं आवरून मशीनशी येऊन बसल्या. त्यांचंच मशीन ते, लग्नात आलेलं. फडक्यानं पुसलं, तेल घातलं, चाक फिरवून पाहिलं. मग बॉबिनसाठी खण ओढला. मी डोळे घट्ट मिटले. पेपरचा आवाज आला. मग काहीच आवाज आला नाही. इतका वेळ काहीच आला नाही की मला माझेच ठोके ऐकू येऊ लागले.

आणि मग बारीक तटतट ऐकू आली. एक, थांबून दुसरी, मग एकामागून एक. मी पापण्या किंचित उघडल्या. सासूबाई माझ्याकडे पाठ करून खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. हातात सुई होती आणि त्या माझी टीप उसवत होत्या. एकेक टाका उचलून तोडत होत्या.

मला वाटलं, संपलं. यांनाही कळलं. मी घरात झबलं शिवून ठेवलं हे यांना कळलं, आणि यांनी मला दोषी धरलं. आता काही वाईट झालं तर "मंग?" म्हणायची पाळी यांची. त्या वळल्या तेव्हा मी झोपेचं सोंग घेतलं. झबल्याचं काय केलं ते मला दिसलं नाही. नंतर त्या बाहेर गेल्यावर मी उठू नये ते उठून खण पाहिला. रिकामा होता.

आम्ही दोघी त्याबद्दल बोललो नाही. आठवडा गेला. डॉक्टर म्हणाल्या, ठीक आहे. महिना गेला, चौथा महिना आला, तो मी कसा काढला माझं मला माहीत. पाचवा लागला. सासूबाई गावी परत गेल्याच नाहीत. केळीची कापणी आली, दिरांचे फोनवर फोन, पण त्या धुळ्यातच राहिल्या. पोट दिसू लागलं, लोक हसून चौकशा करू लागले, आणि माझी भीती मात्र पोटाबरोबर वाढत गेली. पोटातली हालचाल जरा थांबली की मी गार पडायचे. सासूबाई माझ्याकडे बघायच्या आणि नजर फिरवायच्या. त्या नजर का फिरवतात हे मी माझ्या मनानं ठरवून टाकलं होतं. मशीनवर आम्ही दोघींनी चादर घातली होती. क्लास सुटला तो सुटलाच.

मुलगी झाली. रीतीप्रमाणे मी जळगावला माहेरी जायला हवं होतं, पण डॉक्टरांनी प्रवास नको म्हटल्यामुळे धुळ्यातच झाली. रडली तेव्हा मी नर्सला पुन्हा पुन्हा विचारलं, तीच रडली ना? नर्स वैतागून म्हणाली, मग कोण, मी?

पाचवीच्या दिवशी सकाळी बाळ धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेलं माझ्याजवळ झोपलं होतं. सासूबाई आपली ती गावाहून आणलेली कपड्यांची पिशवी घेऊन आल्या. तळाशी हात घालून त्यांनी एक पुरचुंडी काढली आणि माझ्यासमोर सोडली. माझं झबलं होतं. लाल पट्टीचं. मला वाटलं होतं चिंध्या झाल्या असतील, पण बाह्या तशाच होत्या, गळा तसाच होता. फक्त एका बाजूची शिवण काखेपासून खालपर्यंत उसवलेली होती, आणि उसवताना वापरलेली सुई तिथेच टोचून ठेवलेली होती, थोडी गंजलेली.

"मले वाटलं, तुम्ही रागावल्या," मी म्हटलं. त्यांच्याशी बोलताना माझ्याही तोंडात त्यांची बोली येते.

"राग काहाले?" त्या म्हणाल्या. "पुरं कुठी झालं होतं ते? एक बाजू उघडी होती. उघडी बाजू म्हंजे चिंधी. चिंधीले कोनाची नजर लागते?"

मग त्या पलंगाच्या कडेला टेकल्या आणि झबल्याच्या लाल पट्टीवरून अंगठा फिरवत राहिल्या. "इतके महिने पिशवीतच ठेवलं. कोनी चुकून टाका घातला तं? म्हनून गावी गेली नाई. रोज काढून पाहे, उघडं हाय ना म्हनून. तुह्याकडे पाह्यची हिंमतच नोती मले. मी पाह्यलं आन् तुले समजलं का मी भेली, तं तू जास्त भेशीन."

एवढे महिने एकाच खोलीत आम्ही दोघी भीत होतो, आणि दोघींनाही वाटत होतं की आपण एकट्याच भीतोय. मी त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला, पण फार वेळ नाही.

"चाल," त्या म्हणाल्या, "आता पुरं कर."

बाळंतिणीनं पायटा मारायचा नाही, हे त्यांनीच सांगितलं. मग शिवायचं कसं? त्यांनी चादर काढली, मशीन ओढत पलंगाशी आणलं, मला कडेला बसवलं आणि स्वतः खाली फरशीवर मशीनसमोर मांडी घातली. दोन्ही तळहात पायट्यावर ठेवले. पीठ मळावं तसा त्या तो दाबू लागल्या. चाक फिरलं. मी झबल्याच्या उघड्या कडा जुळवून सुईखाली धरल्या, पण बोटं सुईपासून लांब ठेवली, कारण आता तर पायही माझे नव्हते. खाली त्यांना सुई दिसत नव्हती.

"हळू, आई," मी म्हटलं. "हळू."

"तू सांगशीन तसं," खालून आवाज आला.

मी थांबा म्हटलं की त्या थांबायच्या, हं म्हटलं की दाबायच्या. एकदा चाक उलटं फिरलं, दोरा तुटला, पुन्हा ओवला. शिवण नागमोडी आली. क्लासमध्ये आली होती तशी सरळ मुळीच नाही. शेवटाशी मी टीप मागे नेऊन पक्की केली. दोरा तोडायला कात्री हातात घेतली आणि माझा हात अडला. सासूबाई गुडघ्यांना धरून उठल्या, मशीनपाशी आल्या आणि माझ्या हाताकडे पाहत राहिल्या.

"अजूनबी भेतं का?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"मीबी," त्या म्हणाल्या, आणि माझ्या हातावर हात ठेवून त्यांनी कात्री दाबली. मग झबलं झटकून, गळ्यातून फुंकर मारून, त्यांनी ते बाळाच्या अंगात घातलं. ते तिला मोठं झालं. बाही हाताच्या खाली लोंबत होती, तिच्यातून एकच बोट बाहेर आलं होतं. सासूबाईंनी बाही दुमडली आणि तेव्हा कुठे माझ्याकडे सरळ पाहिलं.